सायकलचा आवाज शोधून देणारे नागपूरच्या महाल भागातील एक दुकान

मार्च महिन्यापासून माझ्या रोड बाइकला एक आवाज चिकटला होता. ती करकर नव्हती आणि खडखडही नव्हती. पत्र्याच्या डब्यावर नखाने टिचकी मारावी तशी कोरडी ‘टक’ होती, आणि उजवा पाय जोर लावून खाली जात असताना, पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, नेमकी त्याच जागी ती उमटत असे. सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये ती ऐकू येत नसे, परंतु फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे चढ लागला की सुरू होई आणि चढ संपेपर्यंत सोबत करी. रविवारी बरोबर असणाऱ्या मित्रांनी आधी सहानुभूती दाखवली आणि तिसऱ्या आठवड्यापासून ते माझ्यापासून शंभर फूट पुढे चालवू लागले.

नवी कोल्हापुरी करकर वाजावी म्हणून आपल्याकडे लोक पैसे मोजतात, मग सायकलच्या आवाजाचे एवढे काय, असे घरातूनही विचारले गेले. फरक असा की चप्पल मुद्दाम वाजवलेली असते, आणि सायकलचा आवाज म्हणजे कोणते तरी दोन भाग जिथे हलायला नकोत तिथे हलत आहेत याची सूचना असते. बहुतेक वेळा कारण मामुली असते, क्वचित एखादा स्क्रू सैल झालेला असतो, आणि अगदी क्वचित हँडलला किंवा फ्रेमला तडा गेलेला असतो. यांपैकी काय आहे हे कानाला कळत नाही, म्हणून उताराला ताशी 45 किलोमीटरचा वेग असताना मन त्या आवाजापाशी अडकून राहते.

महालात जाण्यापूर्वी मी एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात गेलो होतो. तेथील तरुण मेकॅनिकने सायकल स्टँडवर चढवली, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, दोनदा हलवून पाहिला आणि ‘बीबी गेली’, म्हणजे क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो तो बॉटम ब्रॅकेट खराब झाला, असे निदान एका मिनिटात केले. त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही. माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेट आटे असलेला नसून दाबून बसवलेला, म्हणजे प्रेस-फिट पद्धतीचा आहे, आणि या पद्धतीची बीबी कुरकुरण्याबद्दल सायकलवाल्यांमध्ये पुरेशी बदनाम आहे. नव्या बीबीचे आणि मजुरीचे मिळून 2,400 रुपये झाले, सायकल स्वच्छ धुऊन परत मिळाली, दोन दिवस पूर्ण शांतता होती, आणि तिसऱ्या दिवशी त्याच चढावर तीच टक पुन्हा आली. फोन केल्यावर आता क्रँकसेट बदलून पाहावा लागेल असे उत्तर मिळाले, तेव्हा मी जुने बेअरिंग मागून घेतले आणि नमस्कार केला.

ज्या दुकानाबद्दल हे लिहीत आहे ते महालातील एका अरुंद बोळात, जुन्या वाड्याच्या ओट्याखाली आहे. पाटीवर नाव नाही. निळ्या रंगात ‘सायकल रिपेअरिंग’ एवढेच रंगवलेले आहे आणि त्यातला अनुस्वार उडालेला आहे. पुढे पोरांच्या सायकली, दूधवाल्याची काळी सायकल, टांगलेल्या रिमा आणि टायर असा नेहमीचा संसार असल्याने रोड बाइक घेऊन आत जाताना आपण चुकीच्या जागी आलो असे वाटते. चालवणारे काका साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी सायकलला हात न लावता आधी मला स्टुलावर बसवले, आणि सुमारे दहा मिनिटे केवळ प्रश्न विचारले.

“आवाज पायडल मारतानाच येऊन राहिला का, का नुसती सोडली तरी येते?” हा पहिला प्रश्न होता. पायडल थांबवल्यावरही आवाज येत असेल तर संशय चाके, आरे, ब्रेक यांच्याकडे जातो. थांबत असेल तर क्रँक, पायडल, साखळी आणि जोर लागल्यावर ताणले जाणारे इतर सर्व सांधे उरतात. मग बसून येतो की उभे राहूनही, हे विचारले. उभे राहिल्यावरही येत होता, त्यामुळे सीट, तिच्या दांड्या आणि सीटखालची नळी, म्हणजे सीटपोस्ट, सुटले. पुढचा प्रश्न मला विशेष आवडला: प्रत्येक फेऱ्याला येतो, की मधूनमधून फेरा चुकवून? साखळीची एखादी कडी आखडलेली असेल तर आवाज पायडलच्या फेऱ्याशी जुळत नाही. माझ्या साखळीला 108 कड्या आणि पुढच्या मोठ्या चक्रीला 50 दात आहेत, म्हणजे तीच कडी त्याच जागी परत यायला पायडलचे दोन फेरे आणि वर थोडे लागतात. चाकात दोष असेल तर उलट, मागे 17 दातांची चक्री असताना पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ तीनदा फिरते आणि आवाज तितका दाट येतो. काकांनी हा हिशेब मांडून दाखवला नाही, तो मी घरी येऊन केला, परंतु प्रश्न विचारताना त्यांच्या बोटांचा स्टुलावरचा ठेका त्या हिशेबाला धरूनच होता.

यानंतर त्यांनी मला बोळात चार फेऱ्या मारायला लावल्या: एक दोन्ही पायांनी, एक केवळ डाव्या पायाने, एक केवळ उजव्या पायाने, एक उभे राहून. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ असल्याने आवाज तेथे मोकळ्या रस्त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट येतो. मी खिशातून जुने बेअरिंग काढून दाखवले, ते त्यांनी करंगळीत अडकवून फिरवले, कानाशी नेले आणि म्हणाले, “हे तर नवंच आहे नं भाऊ.” मग त्यांनी खर्चाचा क्रम सांगितला, तोही त्यांच्याच शब्दांत देतो: “आधी फुकटाचं पाहू, मग ग्रीसचं, पैशाचं सगळ्यात शेवटी.” फुकटाचे म्हणजे बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू, चक्रीचे बोल्ट, बूट पायडलमध्ये अडकवणाऱ्या, बुटाखालच्या क्लीटचे तीन स्क्रू आणि चाक झटपट काढण्याची कळ, म्हणजे क्विक रिलीज. ग्रीसचे म्हणजे दोन्ही पायडल काढून, आटे पुसून, ग्रीस लावून परत बसवणे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरून अनेक जण तेथे क्रँकच खराब करतात. पायडलनंतरही टक कायम राहिली.

खरी करामत पुढे होती. त्यांनी सायकल भिंतीला तिरपी टेकवली, मला मागचा ब्रेक घट्ट धरायला सांगितला, उजवा क्रँक पुढे आडवा ठेवला आणि पायडलवर उभे राहून हळूहळू वजन द्यायला लावले. चाक जागेवर असताना टक आली. एवढे दिवस जो आवाज केवळ चढावर, धापा टाकत असताना ऐकू येत होता तो आता हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा काढता येत होता. मी वजन देत होतो आणि काका डोळे मिटून बोटांची टोके एकेका सांध्यावर ठेवत होते: बीबीचा कप, सीटपोस्टची पकड, मागच्या त्रिकोणाचे जोड, शेवटी मागच्या चाकाच्या एक्सलची, म्हणजे आसाची, जागा. तेथे त्यांची तर्जनी थांबली. त्यांनी माझे बोट धरून त्याच ठिकाणी ठेवले आणि स्वतः पायडल दाबले. कानाला आवाज अजूनही क्रँकपाशीच वाटत होता, परंतु बोटाला तो मागे, गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो त्या हँगरमध्ये, एखाद्या नाडीच्या ठोक्यासारखा लागत होता.

कानाची ही फसवणूक समजण्यासारखी आहे. फ्रेमच्या नळ्या पोकळ आणि पातळ असतात; एका टोकाला निर्माण झालेला आवाज त्यांतून सहज पसरतो, आणि चालवणाऱ्याचे डोके बीबीच्या वरच्या बाजूला असल्याने त्याला तो तेथूनच येत असल्यासारखे वाटते. पायडलशी ताल जुळण्याचे कारणही साधे आहे. उजवा पाय जोर लावतो तेव्हा साखळी ताणली जाते, ती मागच्या एक्सलला उजवीकडून पुढे ओढते, आणि एक्सलच्या त्याच टोकाला हँगर फ्रेमशी चिकटलेला असतो.

खात्रीसाठी त्यांनी आपल्याकडचे दुसरे मागचे चाक, त्याच्या क्विक रिलीजसह, लावून पाहिले. टक तशीच राहिली, म्हणजे चाकाचा मधला भाग, हब, निर्दोष ठरला. मग हँगर उघडला. तो दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला, अंगठ्याएवढा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असतो आणि सायकल पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा अशीच त्याची रचना असते. त्याच्या आतल्या बाजूला काळसर राखाडी लेप साचला होता आणि त्या लेपात, धातू धातूवर घासल्याच्या, चंदेरी रेघा चमकत होत्या. सिमेंटचे रस्ते आणि संपता न संपणारी बांधकामे असलेल्या आपल्या शहरात ही धूळ कोठून येते हे सांगण्याची गरज नाही. मोठ्या दुकानातून आल्यावर दोन दिवस शांतता का होती, याचेही उत्तर मिळाले: धुताना त्या फटीत पाणी आणि साबण शिरला होता, तो वाळला आणि टक परत आली. काकांनी दोन्ही पृष्ठभाग रॉकेलच्या चिंधीने पुसले, ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आणि स्क्रूंच्या आट्यांना लॉकिंगच्या द्रवाचा एकेक थेंब लावून ते घट्ट केले.

हँगर काढून लावला की तो चाकाला समांतर आहे की नाही हे तपासावे लागते, नाहीतर गिअर अडखळतात. त्यासाठी एक खास मापक येतो आणि तो या दुकानात नाही. त्याऐवजी त्यांनी जे केले ते मी प्रथमच पाहिले. डिरेलर सोडवून, हँगरच्या भोकात दुसऱ्या एका मागच्या चाकाचा एक्सल फिरवून बसवला; दोन्हींचे आटे 10 मिलिमीटरचे आणि सारख्याच पिचचे असल्याने तो सरळ आत गेला. आता सायकलचे चाक आणि हे उपरे चाक शेजारीशेजारी उभे होते, आणि दोन्ही रिमांमधले अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजले की हँगर किती वाकला आहे ते दिसते. खालच्या बाजूला 3 मिलिमीटर जास्त भरले. उपऱ्या चाकालाच हलका दाब देऊन त्यांनी ते सरळ केले.

बोळातल्या पुढच्या फेरीला टक नव्हती, मात्र तिच्या आड दबलेली एक बारीक ‘टिक’ ऐकू आली, जी पायडल थांबवले तरी चालूच राहत होती आणि वेग कमी झाला की मंदावत होती. ही चाकाशी बांधलेली आहे हे आता मलाही कळले. उंच कडांच्या रिमेच्या भोकात ट्यूबचा लांब वॉल्व्ह हलून आपटत होता. काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन ते काम दोन मिनिटांत संपले आणि त्याचे पैसे धरले गेले नाहीत.

आता तक्रारी. दुकानात टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, नाही आणि काका सर्व काही मनगटाच्या अंदाजाने आवळतात. जुन्या लोखंडी सायकलींना ते चालत असेल, परंतु माझी सीटपोस्ट कार्बनची आहे आणि तिच्या पकडीवर 5 न्यूटन मीटर ही मर्यादा छापलेली आहे. तो अंदाज थोडा चुकला तर कार्बन चिरडला जातो. सवयीने त्यांनी सीटपोस्टलाही ग्रीस लावायला घेतले होते. कार्बनला ग्रीस चालत नाही, त्याने पोस्ट घसरते. तिला बारीक कण असलेली वेगळी पेस्ट लागते. हे सांगितल्यावर ते थोडे नाराज झाले, पण थांबले. टॉर्क रेंच आणि पेस्ट आपल्या पिशवीत असावी, असे मी स्पष्ट सांगेन. हायड्रॉलिक ब्रेक आणि विजेवर चालणारे गिअर ते घेत नाहीत आणि तसे तोंडावर सांगतात, जे मला प्रामाणिकपणाचे वाटते. पावती मिळत नाही. दुकान दुपारी 1 ते 4 बंद असते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर असताना ते उघडे असावे अशी अपेक्षा कोणी करू नये. बोळात चारचाकी जात नाही, सायकल चालवतच न्यावी लागते, आणि तसेही काकांना आवाज चालवूनच दाखवावा लागतो.

सव्वादोन तास लागले आणि 350 रुपये झाले. या रकमेत एकही नवा भाग नव्हता, आणि माझ्या मते हीच या दुकानाची खरी खासियत आहे: येथे पैसे शोधण्याचे घेतले जातात, भाग विकण्याचे नाही. आवाज सापडला नसता तर किती घेतले असते, असे मी विचारले. “मग कायचे पैसे?” एवढेच ते म्हणाले. मला हे पटले नाही. दोन तास लक्ष देऊन ऐकण्याचीही मजुरी असते, आणि निदान न जमल्यासही त्यांनी ती घ्यावी.

एक आवाज अजून बाकी आहे. वर्धा मार्गाकडे सिमेंटच्या रस्त्यावरचे सांधे ओलांडताना फ्रेमच्या खालच्या नळीतून जाणारी गिअरची केबल आत आपटते आणि खुळखुळ्यासारखी वाजते. त्यासाठी संपूर्ण केबल ओढून काढावी लागेल आणि तिच्यावर फोमची नळी चढवावी लागेल. पावसाळ्यानंतर केबल बदलायचीच आहे, तेव्हा एकदमच करू, असे ठरले आहे. जाणाऱ्यांनी आपण सायकल चालवताना घालतो तेच बूट घेऊन जावे. मी पहिल्यांदा चपलेवर गेलो होतो, आणि क्लीट तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हणून काकांनी मला धरमपेठेपर्यंत परत पाठवले होते.