हॉलमधला एसी आणि ‘तांब्याचा’ पाइप

जुळे सोलापुरातील आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर असल्यामुळे मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत हॉलमध्ये झळ सोडत राहतो, आणि आईला ते सोसेना म्हणून यंदा दीड टनाचा एसी घेतला. १८० चौरस फुटांच्या, पश्चिमेकडे भिंत असलेल्या हॉलसाठी दीड टन, म्हणजे ताशी सुमारे १८,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), हा दुकानदाराचा सल्ला योग्यच होता. फसवणूक झाली ती फिटिंगमध्ये.

‘कंपनीचा माणूस यायला पाच दिवस लागतील, आमचा आजच बसवून देईल,’ असे दुकानदार म्हणाला आणि उकाड्याला कंटाळून मी होकार दिला. आलेल्या कारागिराने काळा फोम आणि पांढरी टेप आधीच गुंडाळलेला पाइप आणला होता. दोन्ही टोके तांबूस दिसत होती. जोडणी झाल्यावर पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप न लावता त्याने आउटडोअर युनिटचा व्हॉल्व्ह किंचित उघडून दुसऱ्या टोकातून फुस्स करत थोडा गॅस सोडला आणि म्हणाला, ‘काका, हवा निघाली, आता निर्धास्त राहा.’ वास्तविक अशाने पाइपातील हवा आणि ओल पूर्ण निघत नाही व कॉम्प्रेसरवर ताण येतो. शिवाय एसीतला आर-३२ हा थंडावा देणारा गॅस ज्वलनशील असल्याने तो असा सोडणे धोक्याचे आहे.

तीन आठवड्यांत थंडावा गेला. त्याच कारागिराने वजनकाटा न लावताच गॅस भरून २,८०० रुपये घेतले, आणि वीस दिवसांनी थंडावा पुन्हा गेला. अखेर कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने जोडावर साबणाचे पाणी लावताच बुडबुडे आले. टेप कापून पाइपावर सुरीचे टोक ओढले, तर तांबूस थराखाली पांढराशुभ्र ॲल्युमिनियम निघाला. बिलात २५ फूट ‘कॉपर पाइप’ होता, मोजला तेव्हा १७ फूट भरला. ते पाहून मला फार संताप आला, कारण आईने ते सगळे दिवस उकाड्यात काढले होते.

म्हणून कळकळीने सांगतो, टेप गुंडाळण्याआधी पाइप खरवडून आणि मोजपट्टीने मोजून घ्या, व्हॅक्यूम पंप किमान पंधरा-वीस मिनिटे चालवून, तो बंद केल्यावर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा स्थिर राहतो ना, हे स्वतः उभे राहून पाहा, आणि पाइपाचा धातू, जाडी व लांबी बिलात लिहून घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही.

मी बिल आणि कापलेल्या पाइपाचा फोटो जोडून तक्रार केली, तेव्हा दुकानदाराने पाइपाचे सगळे पैसे परत दिले. गॅसचे २,८०० रुपये मात्र पावती न घेतल्यामुळे बुडाले.