थ्रॉटल धरायचा कुणी? चिमटा, टेकू, लॉक आणि क्रूझ कंट्रोल

मोटारसायकलवर, लांबच्या सरळ रस्त्यावर पहिला तास मजेत जातो. दुसऱ्या तासात उजव्या तळहाताला मुंग्या येतात, मग मनगट ओढायला लागतं. डावा हात निवांत मांडीवर ठेवता येतो, उजव्याला मात्र सुट्टी नाही. थ्रॉटलची, म्हणजे रेस देणाऱ्या उजव्या मुठीची स्प्रिंग ती मूठ सारखी बंद करायला बघते आणि आपण तासन्‌तास तिच्याशी झुंजतो. ‘इथे काहीतरी अडकवलं तर?’ हा विचार तेव्हाच डोक्यात येतो.

पण ती स्प्रिंग तिथे उगाच बसवलेली नाही. हात सुटला, तोल गेला, गाडी आडवी झाली, तर रेस आपोआप उतरावी म्हणून ती आहे. खाली सांगितलेला प्रत्येक जुगाड त्या स्प्रिंगला कमीजास्त गप्प बसवतो. म्हणून मूठ किती घट्ट धरली जाते याचं मला फारसं कौतुक नाही. गडबडीच्या क्षणी ती सुटते कशी, ते मी आधी बघतो.

मी स्वतः सुरुवात केली कपड्यांच्या लाकडी चिमट्यापासून. चिमटा मुठीवर लावायचा आणि त्याचं शेपूट ब्रेक लिव्हरवर टेकवायचं. मूठ बंद होताना तिची पुढची बाजू खाली जाते, चिमटा लिव्हरवर अडतो आणि रेस आहे तिथे राहते. अर्धा तास मी स्वतःवर भलताच खूश होतो. मग पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. मी लिव्हर ओढली, पण चिमटा तिच्यावर तसाच टेकलेला. ब्रेक गाडी थांबवतोय आणि इंजिन ती पुढे रेटतंय! मूठ जीव खाऊन पुढे ढकलली तेव्हा कुठे चिमटा घसरून उडाला. ताशी ८० किमीला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, आणि माझा तेवढा सेकंद तरी त्या झटापटीत गेला. मुठीभोवती केबल टाय, म्हणजे वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी, आवळून त्याचं टोक लिव्हरवर टेकवतात, तोही याच जातीचा. ब्रेक लिव्हरचा आधार घेणारं काहीही नको, यावर मी वाद घालत नाही.

ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, त्यामानाने सज्जन. मुठीचं टोक आणि हँडलच्या शेवटचं वजन यांच्या फटीत ती सरकवायची. घर्षणाने मूठ जागेवर राहते, आणि हाताने बंद केली की विनातक्रार बंद होते. पैसे जवळजवळ लागतच नाहीत. पण चालत्या गाडीवर ती लावणं-काढणं म्हणजे डोळे रस्त्यावरून हटवणं. आणि ती फटीत असेपर्यंत हात सोडला तरी रेस पूर्ण उतरत नाही, हे गावात शिरल्यावर हमखास विसरायला होतं. पावसात पकड बदलते ते वेगळंच.

विकतचे थ्रॉटल लॉकही घर्षणावरच चालतात, पण ते अंगठ्याच्या एका दाबाने लागतात आणि सुटतात. काही हँडलच्या टोकाला बसतात, काही मूठ आणि स्विचची डबी यांच्या मधल्या जागेत. चांगल्या लॉकची खूण एकच: लागलेला असतानाही मूठ हाताने सहज बंद करता आली पाहिजे.

तळहाताचा टेकू या सगळ्यांत साधा. मुठीवर बसणारी प्लास्टिकची चपटी पट्टी, तिच्यावर तळहाताचं वजन टाकायचं, बोटं मोकळी. हात उचलला की रेस उतरते, म्हणून सुटण्याच्या परीक्षेत हा पहिला. तोटा असा, की हात पूर्ण काढता येत नाही. शिवाय गर्दीत हळू वळताना तळहात चुकून दाबला गेला तर गाडी उसळते. शहरात शिरताना पट्टी फिरवून खाली करायची सवय लावा.

आता चढ येऊ द्या. टेकूवर हात असतो, तो आपसूक थोडी रेस वाढवतो. रिंग आणि लॉक मूठ धरतात, वेग नाही. चढावर गाडी मंदावते, उतारावर पळत सुटते, समोरून वारा आला की पुन्हा मंद. क्रूझ कंट्रोल मात्र वेग मोजून थ्रॉटल स्वतः कमीजास्त करतं, आणि ब्रेक किंवा क्लचला हात लागला की सोडून देतं. उताराचा मात्र भरवसा नाही. साधं क्रूझ थ्रॉटल बंद करू शकतं, ब्रेक मारत नाही, म्हणून तीव्र उतारावर ठरवलेला वेग ओलांडला जातो. पुढच्या वाहनापासूनचं अंतर राखणारं रडारवालं क्रूझ २०२०मध्ये जाहीर झालेल्या डुकाटी मल्टीस्ट्राडा व्ही४वर आलं, पण तो खर्च वेगळ्याच वर्गातला.

मुठीपासून इंजिनपर्यंत केबल जाते अशा गाडीला बाहेरून क्रूझ बसवता येतं. त्यातले काही संच इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढणाऱ्या शोषणावर, केबल ओढतात. थ्रॉटल जास्त उघडला की व्हॅक्यूमच घटतो, म्हणजे खड्या चढावर, नेमकं हवं तेव्हा, त्यांचा जोर कमी पडतो. वायरिंगचं कामही कटकटीचं. गाडी राइड-बाय-वायर असेल, म्हणजे मुठीचा इशारा केबलऐवजी विजेच्या तारेने इंजिनला जात असेल, तर आधी त्याच मॉडेलच्या महाग आवृत्तीत क्रूझ आहे का ते बघा. कधीकधी नुसता स्विच आणि सॉफ्टवेअरवर भागतं.

वर्षातून दोनतीनदाच लांब जात असाल तर टेकू घ्या आणि विषय संपवा. महिन्यातून एकदा तरी सपाट महामार्गावर चारपाच तास बसत असाल तर लॉक. रोजचीच लांब पल्ल्याची चाकरी असेल किंवा रस्ता चढउताराचा असेल, तर क्रूझ असलेली गाडीच घ्या. जुन्या गाडीवर तेवढा खर्च करायला माझं तरी मन धजत नाही.

काहीही बसवलंत तरी निघण्यापूर्वी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा. लॉक सोडलेला असताना मूठ पूर्ण पिळून सोडा: टक्‌कन मागे आली पाहिजे. हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा तेच. मग लॉक लावून, हातमोजा घालून, मूठ एका झटक्यात बंद होते का ते बघा. इथे अडखळली, तर ते काढा आणि तसेच निघा.