इंदूरच्या गच्चीवर बटाटे: ग्रो बॅग, बादली आणि पोतं, हंगामभर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. इंदूरच्या गच्चीवर बटाट्यासाठी 24 इंच रुंद आणि 12 इंच उंच, बाहेरून पांढरी असलेली एचडीपीई (जाड प्लास्टिकची) बॅग सगळ्यात चांगली. बटाट्यासाठी खास म्हणून विकली जाणारी उंच, अरुंद, बाजूला खिडकी असलेली बॅग पुन्हा घेऊ नये. सिमेंटचं पोतंही नको. हे मत ऑक्टोबरची लागवड, फेब्रुवारीची काढणी आणि त्यानंतर मे-जूनचं ऊन या सगळ्यातून बॅगा गेल्यावरचं आहे. नवी असताना प्रत्येक बॅग छानच दिसते.

उंच बॅगेची जाहिरात सांगते की माती वर वर भरत जा, थरावर थर बटाटे लागतील. आपल्याकडे मिळणाऱ्या कुफरी ज्योती, कुफरी लवकर, कुफरी पुखराज या जाती साधारण 75 ते 110 दिवसांत आटोपतात. त्यांचे कंद धरतात ते बियाण्याच्या, म्हणजे लावलेल्या बटाट्याच्या, वरच्या चार-सहा इंचांत आणि आजूबाजूला. त्याच्या वर खोड कितीही गाडलं तरी नवे थर धरत नाहीत, उलट पाला झाकला गेल्यानं झाड मागे पडतं. उंचीचा उपयोग होत नाही, रुंदीचा होतो. खिडकीचं म्हणाल तर तिच्या फटीतून उजेड शिरतो आणि जवळचे बटाटे हिरवे पडतात. शिवाय ती उघडून पाहिली की माती सांडते आणि बारीक मुळं तुटतात. हिरवा बटाटा कडू आणि विषारी असतो, त्यामुळे तो खाण्यात घेऊ नये.

रुंदीनंतरची महत्त्वाची गोष्ट म्हणजे मातीचा थंडावा. कंद चांगले धरायला रात्रीचं तापमान 20 अंशांच्या खाली लागतं आणि माती 30 च्या पुढे तापली की वाढ थांबते. माळव्यात हवा बरोबर असते ती 15 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरच्या लागवडीला. डिसेंबरात लावलं तर कंद फुगण्याच्या वेळी फेब्रुवारीअखेरचं ऊन येतं. गच्चीत तर स्लॅबही तापतो. काळ्या बॅगेत दुपारचं ऊन लागणाऱ्या बाजूचे बटाटे सुपारीएवढेच राहतात, त्याच बॅगेतल्या दुसऱ्या बाजूचे चांगले भरतात. म्हणून पांढरी बॅग घ्यावी, ती विटांवर ठेवावी आणि पश्चिमेच्या बाजूला मेथी-पालकाच्या कुंड्या लावून सावली करावी.

कापडी बॅग माती सर्वांत थंड ठेवते आणि मुळंही तिच्यात सुरेख वाढतात. पण इथला हिवाळा कोरडा, त्यात वारा सुटला की ती रोज पाणी मागते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या घरात टाकी मोठी असेल तरच तिचा विचार करावा. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली टिकाऊ असते, पण तिच्यात एकच बियाणं लावावं. 10 मिलिमीटरची आठ-दहा भोकं पाडावीत, निम्मी तळाला आणि निम्मी तळापासून इंचभर वर बाजूला. फक्त तळाला भोकं असतील तर ती स्लॅबला टेकून बुजतात. बादलीत अर्धा ते पाऊण किलो बटाटे निघतात, तर 24 इंची बॅगेत चार बियाण्यांतून दोन ते तीन किलो.

बियाण्यात बरेच लोक फसतात. चोइथराम मंडीतून आणलेला गुळगुळीत, मोठा बटाटा पुष्कळदा चिप्सचा माल असतो. तो 10-12 अंशांवर साठवताना कोंब येऊ नयेत म्हणून त्याच्यावर औषध मारतात. असा बटाटा मातीत महिनाभर तसाच पडून राहतो. बियाणं बियाण्याच्याच दुकानातून घ्यावं, 40-50 ग्रॅमचं आणि अख्खं. कापायचंच असेल तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवावेत आणि काप सुकेपर्यंत दोन दिवस सावलीत पसरावं. शीतगृहातून आलेलं बियाणं आधी आठ-दहा दिवस अप्रत्यक्ष उजेडात ठेवून जाड, आखूड कोंब येऊ द्यावेत. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब लावताना मोडतात.

आपली काळी माती एकटी वापरू नये. सुकली की ती आकसते, बॅगेच्या कडेला फट पडते आणि पाणी तिथून सरळ खाली निघून जातं. चार भाग माती, तीन भाग कुजलेलं खत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड रेती, हे मिश्रण चांगलं. 24 इंची बॅगेला सुमारे 90 लिटर लागतं आणि ओली झाल्यावर ती उचलता येत नाही, म्हणून भरण्याआधीच जागा ठरवावी. ओझं म्हणून बॅगा गच्चीच्या मध्यावर न ठेवता भिंती-तुळयांच्या वर ठेवाव्यात. मिश्रणात निंबोळी पेंड 150 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 20 ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश 10 ग्रॅम मिसळावं. तीन आठवड्यांनी पहिली भर घालताना, म्हणजे खोडाभोवती माती चढवताना, 10 ग्रॅम युरिया द्यावा. पुढे चाळिसाव्या दिवसानंतर नत्र दिलंत तर पाला माजतो आणि कंद बारीक राहतात.

राख मात्र घालू नका. माळव्याची माती आधीच अल्कधर्मी आहे, राखेनं ती आणखी तशी होते आणि बटाट्यावर खडबडीत खपल्या येतात. कच्च्या शेणखतानंही हेच होतं, वर हुमणी ही मुळं-कंद खाणारी अळी येते ती वेगळीच. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथंच इंदूरला खताची पद्धत बसवली. काडीकचरा आणि शेणाचे थर देऊन ते अनेकदा उलथायचे आणि खत तयार व्हायला तीन महिने लागायचे. इंदूरकरांनी तरी तीन आठवड्यांचं खत बटाट्याला घालू नये.

लागवड चार इंच खोल करावी. बॅगेची वरची कड दुमडून ती दोन-तृतीयांश भरावी. झाड सात-आठ इंच झालं की पहिली भर आणि पंधरा दिवसांनी दुसरी, तेवढ्यात बॅग भरते. भर घालायची ती कंद उघडे पडू नयेत म्हणून.

पाण्याचा नेमकेपणा पंचेचाळीस ते पंच्याहत्तर दिवसांत हवा. दोन इंचांवर बोट कोरडं लागलं की पाणी द्यावं. दोन दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, असं झालं की बटाटे तडकतात किंवा मधे पोकळ होतात. ढगाळ, धुक्याच्या दिवसांत संध्याकाळी पानं भिजवू नयेत, करपा रोग तिथूनच शिरतो.

पाला पिवळा पडला की पाणी बंद करावं, जमिनीलगत पाला कापावा आणि दहा-बारा दिवस थांबावं. अंगठ्यानं घासून साल सुटत नसेल तर सकाळी बॅग ताडपत्रीवर उलटी करावी. बटाटे दोन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत.

आता टिकाऊपणाचं. पांढऱ्या एचडीपीई बॅगेची वरची कड उन्हाळ्यात थोडी कडक झाली, शिवण शाबूत आहे. तिच्या पट्ट्या भरलेल्या बॅगेचं वजन पेलत नाहीत, ओढलं की उसवतात. कापडी बॅगेवर क्षारांचा पांढरा थर बसला, तो सुकवून घासल्यावर निघाला. पोत्याचे उन्हानं धागे सुटून मातीत मिसळले आणि ते वेचत बसावं लागलं.

वापरलेल्या मातीत पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका, रोग तेच असतात. मे महिन्यात ती ओलसर करून गच्चीवर सहा इंच जाडीत पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा विटांनी दाबा आणि चार ते सहा आठवडे तशीच राहू द्या. पावसाळ्यात त्यात चवळी किंवा गवार लावता येते.