जँगो ५.२ : सोसायटी बिलिंगसाठी काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, सभासदांची यादी. मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांचं हे काम गेले काही महिने जँगोवर, म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवण्याच्या तयार सांगाड्यावर, रोज चालू आहे. काम करणाऱ्यांत नुकतेच पायथॉन शिकलेले आहेत, तसे पीएचपी आणि जावात मुरलेलेही. जँगो दोघांच्याही उपयोगाचा आहे आणि तो बिनधास्त घ्यावा, हे आधीच सांगतो. फक्त पैसा आणि मराठी मजकूर या दोन ठिकाणी तो सगळं सांभाळेल असं धरून चालू नका. तिथे स्वतःच लक्ष घालावं लागतं आणि त्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही.

नवख्याला सगळ्यात मोठा आधार म्हणजे प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे. तक्ते मॉडेल्समध्ये, पत्ते यूआरएल्समध्ये, काम व्ह्यूजमध्ये, पान टेम्प्लेटमध्ये. 'हे कुठे लिहू?' हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यानंतर कोणी विचारत नाही. लॉगिन, पासवर्डचं हॅशिंग, फॉर्मचं सीएसआरएफ संरक्षण (दुसऱ्या साइटवरून सभासदाच्या नावाने फॉर्म पाठवला जाऊ नये म्हणून) तयार मिळतं. ओआरएममधून (एसक्यूएल न लिहिता पायथॉनमधूनच डेटाबेसशी बोलण्याच्या सोयीतून) क्वेरी केली तर एसक्यूएल इंजेक्शनची भीती जवळपास संपते. डिबग चालू असताना येणारं पिवळं एरर पान नवख्यांनी नीट वाचायला शिकावं. कोणत्या ओळीत अडलं आणि त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय होतं, हे दोन्ही तिथे दिसतं. टेम्प्लेटचं मात्र उलट आहे. नाव चुकीचं लिहिलं तर एरर येत नाही, त्या जागी रिकामं छापलं जातं. बिलावर सभासदाचं नाव गायब असेल, तर डेटाबेस उचकण्याआधी टेम्प्लेटमधलं स्पेलिंग बघा.

अ‍ॅडमिन म्हणजे डेटा भरायची आणि शोधायची तयार पानं, ही जँगोची खरी मिळकत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ साली जँगोचं काम सुरू झालं आणि २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. बातमीदारांना प्रोग्रामरची वाट न बघता मजकूर भरता यावा, ही तिथली गरज होती. आपल्याकडे खजिनदाराची गरज तीच आहे. मॉडेल नोंदवलं, लिस्ट डिस्प्ले, सर्च फील्ड्स आणि लिस्ट फिल्टर या तीन ओळी लिहिल्या की फ्लॅट नंबरने शोधता येणारी, विंगप्रमाणे गाळता येणारी यादी तयार. हजारो सभासद असतील तर ड्रॉपडाउनऐवजी ऑटोकम्प्लीट फील्ड्स वापरा, नाहीतर प्रत्येक फॉर्मबरोबर अख्खी यादी उतरत राहते. अ‍ॅडमिन आतल्या माणसांसाठी आहे, सभासदांसाठी साधी वेगळी पानं बनवा. आणि मोबाइल नंबरने लॉगिन हवं असेल तर स्वतःचं यूझर मॉडेल पहिल्या मायग्रेशनच्या (मॉडेलमधले बदल डेटाबेसमध्ये उतरवणाऱ्या फाइलच्या) आधीच ठरवा. नंतर ते बदलणं फार जिकिरीचं असतं.

मायग्रेशन हा अनुभवी लोकांचा आवडता भाग, पण त्यात एक सापळा आहे. फील्डचं नाव बदललं की मेकमायग्रेशन्स, म्हणजे ती फाइल बनवणारी कमांड, विचारते, 'हे नाव बदललंय का?' घाईत नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं. मग जुना कॉलम काढून नवा रिकामा कॉलम टाकणारी फाइल तयार होते आणि ती चालवली की त्या कॉलममधला डेटा गेला. विचारणा बंद करून स्क्रिप्टमधून चालवलं तरी हेच होतं. म्हणून तयार झालेली फाइल उघडून 'रिनेम फील्ड' लिहिलंय की 'रिमूव्ह फील्ड', हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मायग्रेट चालवायचं नाही, असा नियमच करा. दोघांनी एकाच वेळी बारा नंबरची फाइल बनवली तर मर्जचा पर्याय देऊन मेकमायग्रेशन्स चालवा, एवढ्याने भागतं.

वेग हा अनुभवी माणसाला लगेच जाणवणारा मुद्दा. २४० फ्लॅट्सच्या यादीत प्रत्येकासमोर मालकाचं नाव छापायचं असेल, तर साधा लूप यादीसाठी एक आणि मालकांसाठी २४०, अशा २४१ क्वेरी मारतो. स्वतःच्या लॅपटॉपवर ते कळत नाही, डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर गेला की पान रखडतं. मालक फॉरेन कीने जोडलेला असेल तर सिलेक्ट रिलेटेड लावा, एकाच क्वेरीत काम होतं. एका फ्लॅटच्या अनेक पावत्या हव्या असतील तर प्रीफेच रिलेटेड. डिबग टूलबार पहिल्या दिवसापासून लावून ठेवला तर नवखेही क्वेरींचा आकडा बघायला आपोआप शिकतात.

आता पैसा. रकमेसाठी फ्लोट फील्ड अजिबात नको, डेसिमल फील्डच हवं. पण तेवढ्याने संपत नाही. थकबाकीवर वार्षिक २१ टक्के सरळ व्याज धरा. ४,७५० रुपयांचं एका महिन्याचं व्याज होतं ८३.१२५. पायथॉनच्या डेसिमलने दोन घरांपर्यंत आणलं तर ८३.१२ मिळतात, कारण बरोबर अर्ध्यावर आलेली रक्कम तो जवळच्या सम आकड्याकडे नेतो. खजिनदाराच्या हिशेबात येतात ८३.१३. एक पैशाचा फरक, पण ताळेबंद जुळत नाही आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागतं. क्वांटाइझ करताना (ठरलेल्या घरांपर्यंत आणताना) राउंड हाफ अप स्पष्ट लिहा.

तारखेचं दुखणं असंच बारीक आहे. टाइम झोन एशिया कोलकाता ठेवला तरी टाइमझोन नाउ यूटीसी वेळ देतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. त्याची नुसती तारीख काढली तर पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख मिळते. १ तारखेला रात्री दोन वाजता बिलं काढणारा जॉब त्यामुळे मागच्या महिन्याची बिलं काढतो. तिथे लोकलडेट वापरा.

रक्कम १२,३४,५६७ अशी लाखाच्या पद्धतीने दाखवता येते. फॉरमॅट मॉड्यूल पाथ देऊन मराठीसाठी स्वतःची फॉरमॅट फाइल करा, त्यात स्वल्पविराम हा विभाजक आणि नंबर ग्रुपिंग ३, २, ० असं लिहा, सेटिंग्जमध्ये थाउजंड सेपरेटर चालू करा. पानं इंग्रजीतही असतील तर त्या भाषेसाठी वेगळी फाइल लागते. एक लक्षात ठेवा, यानंतर टेम्प्लेटमधल्या सगळ्याच पूर्णांकांत स्वल्पविराम येतो. हाताने लिहिलेल्या लिंकमध्ये बिल क्रमांक १२०४ चा १,२०४ होतो आणि पान सापडत नाही. पहिली ९९९ बिलं व्यवस्थित उघडतात, म्हणून टेस्टिंगमध्ये हे निसटतं. लिंक नेहमी यूआरएल टॅगनेच बनवा.

मराठीकडे वळू. मजकूर साठवणं आणि दाखवणं यात काहीच अडचण नाही. अडतं ते स्लगमध्ये, म्हणजे पानाच्या वेबपत्त्यात येणाऱ्या नावात. ते बनवणारा स्लगिफाय नेहमीसारखा चालवला तर देवनागरी नावातून काहीच उरत नाही. युनिकोड चालू केलं तर अक्षरं राहतात, पण काना-मात्रा-वेलांट्या गळून पडतात, कारण पायथॉनचं रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधण्याची सोय) मात्रेला अक्षर मानत नाही. 'दादर'चं 'ददर' होतं, 'माहीम'चं 'महम' आणि 'शीव'चं चक्क 'शव'. सोसायटीच्या वेबपत्त्यात असलं काही छापलं जाणं लोकांना लागतं आणि लागायलाच हवं. पत्त्यात क्रमांक वापरा, किंवा रोमन लिपीतला स्लग वेगळ्या फील्डमध्ये हाताने भरून घ्या.

दुसरा प्रश्न आपल्या 'ऱ'चा. 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' अशी आडनावं वेगवेगळ्या कीबोर्डवरून वेगवेगळ्या कोडमध्ये येतात. कुठे एकसंध ऱ, कुठे र आणि नुक्ता, तर कुठे र आणि अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच, पण शोधल्यावर सभासद 'नाही' म्हणून येतो. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराचे वेगवेगळे युनिकोड एक करण्याच्या पद्धतीने) पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं तसंच राहतं, त्याला स्वतः बदली करणारं छोटं फंक्शन लिहावं लागतं. ते नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा चालवा.

पानं सर्व्हरवरच तयार होऊन येत असल्याने लोकल ट्रेनमध्ये तुटक्या नेटवर्कवरही ती बरी उघडतात. पण नेटवर्क गेलं की माणूस 'नोंद करा' बटण पुन्हा दाबतो आणि एकाच भरण्याच्या दोन पावत्या निघतात. पोस्टनंतर रीडायरेक्ट करणं पुरत नाही. ऑनलाइन भरण्याचा व्यवहार क्रमांक मॉडेलमध्ये युनिक ठेवा, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेसच अडवेल. पावती क्रमांक देताना व्यवहार अ‍ॅटॉमिक (सगळा होईल किंवा काहीच नाही असा) ठेवून सिलेक्ट फॉर अपडेट लावा, म्हणजे तोपर्यंत ती ओळ दुसऱ्याला बदलता येत नाही.

सर्व्हरवर चढवताना नवखे हमखास अडतात. डिबग बंद केलं की स्टॅटिक फाइल्स (चित्रं, सीएसएस) दिसेनाशा होतात, कलेक्टस्टॅटिक चालवून त्या एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरकडून द्याव्या लागतात. अलाउड होस्ट्समध्ये साइटचं डोमेन भरा. सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये ४.० पासून एचटीटीपीएससकट पत्ता लागतो. चेक डिप्लॉय ही कमांड उरलेलं बरंचसं सांगते.

कमी पडतो तो मागे चालणाऱ्या कामांत. २४० बिलांच्या ईमेल एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवायला गेलात तर गनीकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) ३० सेकंदांनी वर्कर, म्हणजे ती रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस, मारतो आणि निम्म्या ईमेल जातात, निम्म्या राहतात. ५.२ सोबत कामं मागे चालवणारं सेलरीसारखं वेगळं साधन जोडणं भाग आहे. ६.० मध्ये टास्कची सोय आली आहे, पण ती कामं प्रत्यक्ष चालवणारा वर्कर त्यातही बाहेरूनच आणावा लागतो. ५.२ ला सुरक्षा दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार असल्याने हिशेबाच्या कामाला सध्या हीच आवृत्ती ठेवावी. ४.२ वरून येत असाल तर आधी डेप्रिकेशन वॉर्निंग्ज (पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टींचे इशारे) चालू करून सगळ्या टेस्ट्स चालवा, आणि मार्चअखेरची बिलं बाहेर पडेपर्यंत सर्व्हरला हात लावू नका.