बॅटरी न विकणारा बॅटरीवाला

बाबांची हीरो होंडा स्प्लेंडर 1999ची. गुडघ्यामुळे त्यांना किक मारवत नाही, म्हणून चार वर्षं झाली, ती मीच चालवते. 2024च्या ऑगस्टअखेर बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी समा भागातल्या आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा गाडी पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली होती. ऑइल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला, नवा प्लग टाकला आणि चार दिवसांत ती पुन्हा रस्त्यावर आली. बाबांनी सगळ्या बिल्डिंगला ऐकवलं. पुढच्या वर्षभरात मात्र दोन बॅटऱ्या बसल्या.

सकाळी हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा. इंडिकेटर लुकलुकायचं सोडून नुसता मंद पेटून राहायचा. पण गाडी एका किकेत चालू व्हायची आणि हेडलाइटही जसा होता तसाच. एका सर्व्हिस सेंटरनं पहिल्यांदा बॅटरी बदलली, दुसऱ्यांदाही बॅटरीच बदलली. तिसऱ्यांदा सगळं वायरिंग नवं टाकायचा साडेचार हजारांचा अंदाज दिला, तोही मला नाही, सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याला. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबायचे असतात, हे त्याला अजून आठवण करून द्यावं लागतं.

माझं माहेर दांडिया बाजारातलं. तिथल्याच एका शेजाऱ्यानं वाडी भागातल्या एका दुकानाचं नाव सुचवलं. नाव म्हणजे काय, पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढंच वाचता येतं, पुढची अक्षरं उन्हानं खाल्ली आहेत. एका शटरची जागा, बाहेर लाकडी बाक, आत साठीचे काका. मी गेल्या गेल्या म्हटलं, नवी बॅटरी द्या. ते म्हणाले, “पहेलां मापी तो लईए, बेन.” आधी मोजून तर घेऊ.

आणि खरंच मापायला बसले. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.2 व्होल्ट. चालू करून थ्रॉटल दिला तेव्हा 12.7. इथे 14च्या आसपास यायला हवेत, ते म्हणाले. मग आरआर युनिटचा, म्हणजे बॅटरीला जाणारी वीज डीसी करून आवरणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचा, कपलर (वायरींचा जोड) काढून मॅगनेटकडून, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या भागाकडून, येणाऱ्या पांढऱ्या वायरवर मीटर एसीवर लावला. थ्रॉटलबरोबर आकडा चढत होता, म्हणजे मॅगनेटची कॉइल प्लेट शाबूत. कपलर परत जोडला, गाडी चालू केली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी आरआर युनिटच्या हिरव्या वायरवर. हिरवी म्हणजे होंडाच्या वायरिंगमधली अर्थिंगची. या दोन टोकांमध्ये जवळपास शून्य यायला हवं, आले 0.9. तसंच लाल वायरवर, आरआर युनिटपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत, 0.5 व्होल्ट वाटेत गळत होते.

मी अकाउंट्समध्ये आहे. 12.7 अधिक 0.9 अधिक 0.5 ही बेरीज मी तिथेच बाकावर मनात केली आणि वर्षभरात पहिल्यांदा या गाडीचा हिशेब जुळला.

कपलर उघडून त्यांनी माझ्या हातात दिला. आतल्या पिनांवर पुराच्या पाण्याचं हिरवा बुरशीसारखा गंज. चेसिसवरच्या अर्थिंगच्या बोल्टखाली वाळलेला गाळ होता, आमच्या सोसायटीचाच. “बॅटरीनो वांक नथी,” काका म्हणाले, दोष बॅटरीचा नाही. बॅटरी बिचारी वर्षभर अर्धपोटी होती. मग हेडलाइट ठीक कसा, हे मी विचारलं तेव्हा कळलं की या जुन्या मॉडेलात हेडलाइट आणि प्लगची ठिणगी दोन्ही थेट मॅगनेटवर चालतात. बॅटरीकडे हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एवढंच काम. म्हणून बॅटरी मेली तरी गाडी किकेत चालू होते, आणि म्हणूनच सगळे फसतात.

कपलरच्या पिना त्यांनी घासल्या, दोन नव्या क्रिंप केल्या, बोल्टखालचा रंग आतलं लोखंड चकचकीत दिसेपर्यंत खरवडला, ग्रीस लावलं आणि आरआर युनिटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर वेगळी ओढली. बॅटरी रात्रभर ठेवून घेतली. 2.5 अँपियर-तासाच्या बॅटरीला पाव अँपियरच द्यायचा, घाई केली की प्लेटा जातात, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी बसवून थ्रॉटल दिला तर 14.1. हॉर्न असा वाजला की बाकावरचा कोणाचा तरी कुत्रा उठून गेला.

ऑनलाइन मागवलेला हेडलाइटचा चारशेचा एलईडी बल्बही मी घेऊन गेले होते. तो त्यांनी बसवलाच नाही. मॅगनेटच्या एसीवर तो गाडी आयडलला असताना फडफडणार, म्हणाले, परत करून टाक.

मजुरी, पिना, वायर, चार्जिंग मिळून साडेतीनशे रुपये झाले.

आता तक्रारी. बिल मिळत नाही, पैसे रोख. जोडांवर साधी काळी टेप गुंडाळतात. बडोद्याच्या मे महिन्यात ती वितळून चिकट होते, मी नंतर उकलून श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) लावून घेतली. एका वेळी एकच गाडी घेतात, त्यामुळे माझा दीड तास बाकावर गेला, त्यातला अर्धा कोपऱ्यावर शेव-उसळ खाण्यात. फोन उचलत नाहीत. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना हात लावत नाहीत, हे स्वतःच सांगतात. आणि बोलतात कमी. मी प्रश्न विचारले म्हणून एवढं कळलं, नाहीतर “थई गयुं” म्हणून किल्ली हातात दिली असती.

त्याला आठ महिने झाले. मी तीनशेचा मीटर घेतलाय, महिन्यातून एकदा रविवारी मापते, बाबा वहीत तारीख आणि आकडा लिहितात. गेल्या रविवारी 14.0.

दुकान सकाळी दहाला उघडतं. एक ते चार बंद असतं, त्या वेळात शटर ठोकू नका.