थकत चाललेल्या आईवडिलांसाठी काय निवडावं: केंद्रातला व्यायाम, घरचा फिजिओ, योग की प्रोटीन पावडर?

सत्तरीनंतर माणूस एकदम थकत नाही. आधी बाजारापर्यंतचं चालणं सुटतं, मग जिना, मग खाली मांडी घालून बसणं, आणि एक दिवस न्हाणीघरात हात धरावा लागतो. तोवर घरात चार सल्ले येऊन पडलेले असतात: रोज फिरायला पाठवा, फिजिओ लावा, योगवर्गाला घाला, पावडर सुरू करा. या चारही गोष्टींवर क्लिनिकल चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निकाल सारखे नाहीत. एकच उपाय एका गटाला उपयोगी पडतो आणि दुसऱ्याला पडत नाही, असंही त्यांत दिसतं. म्हणून उपाय निवडण्याआधी आपली व्यक्ती कुठल्या गटात आहे ते बघावं लागतं.

आधी गुण काढा

संशोधनात यासाठी सर्रास वापरतात ती एसपीपीबी (शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी) नावाची, तोल, चाल आणि खुर्चीतून उठणं तपासणारी मोजणी. एकूण गुण १२. स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि हात नसलेली साधी टणक खुर्ची एवढ्यावर ती घरीही होते.

तोल: पाय जुळवून १० सेकंद उभं राहता आलं तर १ गुण. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला टेकवून १० सेकंद, आणखी १. एकाच रेषेत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावून १० सेकंद झाले तर २, तीन सेकंदांच्या पुढे पण दहाच्या आत तोल गेला तर १. उरलेल्या दोन भागांचे गुण वेळेवर (सेकंदांत):

| | ४ गुण | ३ गुण | २ गुण | १ गुण |
|---|---|---|---|---|
| ४ मीटर नेहमीच्या वेगाने चालणं | ४.८२ पेक्षा कमी | ४.८२ ते ६.२० | ६.२१ ते ८.७० | ८.७० पेक्षा जास्त |
| खुर्चीतून ५ वेळा उठणं | ११.१९ पर्यंत | ११.२० ते १३.६९ | १३.७० ते १६.६९ | १६.७० ते ६० |

जमलंच नाही तर शून्य.

घरी चुका होतात त्या ठरलेल्या. सोफ्यावर किंवा दबणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मोजलं की गुण खोटे येतात; बैठक साधारण ४५ सेंमी उंच हवी आणि खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी. हात छातीवर घडी घालून ठेवायचे. मांडीवर जोर देऊन उठलं तर ते उठणं धरायचं नाही. चालताना ‘भरभर चला’ म्हणू नये, रोजचाच वेग हवा. दोनदा चालवून चांगली वेळ धरायची. नेहमीची काठी चालेल. स्लिपर काढायला लावा, आणि पूर्ण वेळ शेजारी एकाने उभं राहायचं.

१० ते १२ गुण म्हणजे प्रकृती बरी. ७ ते ९ म्हणजे घसरण सुरू. ४ ते ६ म्हणजे साधारण डॉक्टर ज्याला फ्रेल्टी (वयाने आलेली सर्वांगीण अशक्तता) म्हणतात ती अवस्था. ३ पर्यंत म्हणजे आधाराशिवाय अवघड.

एक गोष्ट मात्र गुणांच्याही आधी. वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलो किंवा वजनाच्या ५ टक्के घट झाली असेल, तर व्यायामाची चर्चा बाजूला ठेवून कारण शोधावं. थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, हृदयविकार, नैराश्य, न बसणारी कवळी यांतलं काहीही असू शकतं. शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर (मधुमेहाची गोळी) असलेल्यांचं बी-१२ तपासायला हवंच. त्याच्या कमतरतेने पाय बधिर होतात आणि तोल जातो, आणि घरचे म्हणतात ‘वय झालं’.

केंद्रात जाऊन व्यायाम

सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ चाचणीत (२०१४) ७० ते ८९ वयाचे, बैठं जीवन जगणारे आणि एसपीपीबी ९ किंवा कमी असलेले १,६३५ लोक होते. अर्ध्यांनी आठवड्यातून दोनदा केंद्रात आणि तीन-चारदा घरी व्यायाम केला: चालणं, पायांना वजन बांधून ताकदीचा व्यायाम, तोल. उरलेल्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी २.६ वर्षांनंतर ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावलेले व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, व्याख्यानांच्या गटात ३५.५ टक्के. म्हणजे साधारण १८-१९ जणांनी अडीच वर्षं घाम गाळला तेव्हा एकाचं चालणं वाचलं. ऐकायला थोडं वाटतं. पण इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतका काळ तपासून टिकलेला दुसरा उपाय या क्षेत्रात हाताशी नाही, हेही तितकंच खरं.

युरोपातल्या ‘स्प्रिंट’ चाचणीने (२०२२, ११ देश, १,५१९ लोक) याच व्यायामाला आहाराचा सल्ला आणि हालचाल मोजणाऱ्या यंत्राची जोड दिली. लोक ७० वर्षांपुढचे, स्नायू घटलेले. एसपीपीबी ३ ते ७ असलेल्यांत चालण्याची क्षमता गेली ती ४६.८ टक्क्यांची, तुलनेच्या गटात ५२.७. पण ८-९ गुणवाल्यांत फायदा दिसलाच नाही. त्यांची संख्या कमी होती, म्हणून ‘उपयोग नाही’ असा शिक्का मारणं घाईचं होईल. पण पैसे आणि येण्याजाण्याची दगदग खर्ची घालायची असेल तर ती ३ ते ७ गुणवाल्यांसाठी आधी घालावी.

केंद्राच्या जाहिरातीत न येणारी बाजूही आहे. ‘स्प्रिंट’मध्ये गंभीर आजारपणाच्या घटना व्यायामाच्या गटात थोड्या जास्त नोंदल्या गेल्या: ३९.२ टक्के विरुद्ध ३६. वारंवार भेट होणाऱ्यांच्या तक्रारी जास्त नोंदल्या जातात हे त्याचं एक कारण असू शकतं, तरी डोळे मिटून पुढे जाऊ नये. सुरू करण्यापूर्वी झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी रक्तदाब घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर आधी गोळ्यांचा फेरविचार हवा; प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या हे नेहमीचे संशयित. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये, साखर उतरते.

फिजिओ घरी येऊन

केंद्र लांब असेल, रिक्षात चढणंच कठीण असेल, तर हा पर्याय. न्यूझीलंडमधला ओटॅगो कार्यक्रम यासाठीच बेतलेला: फिजिओ किंवा प्रशिक्षित नर्स पहिल्या दोन महिन्यांत चार-पाच वेळा घरी येते, नंतर अधूनमधून भेट आणि फोन. आठवड्यातून तीनदा अर्धा तास व्यायाम, दोनदा चालणं. चार चाचण्यांतल्या १,०१६ लोकांचा हिशेब एकत्र केल्यावर पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी दिसलं. ऐंशीच्या पुढचे आणि आधी एकदा पडलेले, यांना फायदा सर्वांत जास्त.

येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये ७५ वर्षांपुढच्या १८८ अशक्त लोकांना सहा महिने घरी व्यायाम दिला. मध्यम अशक्त असलेल्यांचं परावलंबन कमी झालं. फार अशक्त झालेल्यांना फायदा झाला नाही. त्यांची ‘फार अशक्त’ची व्याख्या घरीही लावता येते: जमेल तितक्या भरभर दहा फूट जाऊन परत यायला १० सेकंदांपेक्षा जास्त लागतात, आणि हातांच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नाही. दोन्ही लागू असतील, तर फिजिओकडून चमत्काराची अपेक्षा ठेवण्यापेक्षा कमोडला दांडा, पलंगाची उंची, रात्रीचा दिवा आणि योग्य उंचीचा वॉकर यांवर आधी खर्च करा. तिथे फिजिओचं काम बिछान्यातून खुर्चीत नीट कसं न्यायचं हे घरच्यांना शिकवणं, आणि तेही कमी मोलाचं नाही.

घरचा व्यायाम फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: वजन वाढत नाही. पाय हवेत दहा वेळा हलवले आणि झालं. पायाला बांधायचा वजनाचा पट्टा (दुकानात वेट कफ मागा) अर्धा किंवा एक किलोपासून सुरू करावा. आठ-दहा वेळा उचलल्यावर थकवा यायला हवा. सलग दोन दिवस दहा-दहाचे दोन फेरे आरामात होऊ लागले की अर्धा किलो वाढवा. गुडघा सरळ करणं, मागे दुमडणं, पाय बाजूला नेणं, टाचा उचलणं, चवडे उचलणं: ओटॅगोचा ताकदीचा भाग एवढाच. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा आणि दुखायला लागतं त्या आधीच थांबा, पण बंद करू नका. श्वास रोखून धरू देऊ नका; मोठ्याने आकडे मोजायला लावलं की श्वास आपोआप सुटतो.

स्वतःच्या भरवशावर केलेल्या हलक्या व्यायामाचं काय होतं, ते ‘डू-हेल्थ’ने (२०२०) दाखवलं. युरोपातल्या पाच देशांतले ७० वर्षांपुढचे, तब्येतीने बरे २,१५७ लोक; घरी आठवड्यातून तीनदा अर्धा तास साधा व्यायाम. तीन वर्षांनी एसपीपीबीत ठोस फरक पडला नाही.

नुसतं फिरणं आणि योग

संध्याकाळी बागेत चकरा मारणं हृदयाला आणि मनाला चांगलंच. पडणं टाळायला मात्र ते पुरत नाही. पडणं टाळण्याच्या व्यायामाचा कॉक्रेन आढावा (चाचण्यांचे निकाल एकत्र तोलणाऱ्या संस्थेचा; २०१९, १०८ चाचण्या) सांगतो की तोल आणि रोजच्या हालचालींचा व्यायाम केल्याने पडणं २४ टक्क्यांनी घटतं, त्यात ताकदीची जोड दिली तर साधारण ३४ टक्क्यांनी, ताई-ची या संथ चिनी व्यायामाने १९. नुसत्या चालण्याबद्दल असं ठामपणे सांगण्याजोगा पुरावा त्यात नाही. ज्यांचा तोल आधीच गेलेला आहे त्यांना फुटक्या फुटपाथवर ‘जरा भरभर चाला’ म्हणून पाठवणं तर धोक्याचंच.

योगाबद्दल आपल्याकडे मतं फार आणि मोजमाप थोडं. २०२३ च्या एका आढाव्यात ३३ चाचण्या आणि २,३८४ लोक होते. बैठ्या लोकांच्या तुलनेत योग करणाऱ्यांचा चालण्याचा वेग सुधारला, पायांची ताकदही काहीशी. हाताच्या पकडीवर आणि तोलावरचा पुरावा कच्चा. इतर व्यायामापेक्षा योग सरस, असं दिसलं नाही. ८ ते १२ गुणांच्या माणसाला योगवर्ग आवडत असेल तर खुशाल जावं. आवडीने टिकणारी गोष्ट कधीही बरी. पण वर्ग निवडताना बघा: उभ्याने करायची आसनं किती? दीड तासात पाऊण तास प्राणायाम आणि शवासन असेल, तर मांड्यांना काम मिळालेलं नाही. ७ च्या खाली गुण असतील तर खुर्चीचा आधार घेऊन शिकवणारा वर्गच हवा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे खूप वाकवणारी आसनं टाळावीत, मणका पिचण्याचा धोका असतो.

पावडर आणि डी जीवनसत्त्व

१९९४ ची बॉस्टनमधली चाचणी अजून डोळ्यांपुढे ठेवावी. वृद्धाश्रमातले १०० अशक्त रहिवासी, सरासरी वय ८७. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, कमाल ताकदीच्या ८० टक्के वजनाने व्यायाम. स्नायूंची ताकद ११३ टक्के वाढली, व्यायाम न करणाऱ्यांची ३ टक्के. चालण्याचा वेग ११.८ टक्क्यांनी सुधारला. पोषक पेय एकटं दिलं, त्याचा काही परिणाम दिसला नाही. आणखी एक निरीक्षण जास्त बोलकं: पेयामुळे दिवसभरातला एकूण आहार वाढला तो फक्त व्यायामही करणाऱ्यांचा. बाकीच्यांच्या पोटात पेय गेलं तेवढं जेवण कमी झालं. पावडरचा ग्लास सकाळी दहाला दिला आणि दुपारी ताटात अर्धी भाकरी उरली, तर हेच घडतं आहे.

प्रथिनं मात्र हवीतच, दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम. ५५ किलोच्या आईला ५५ ते ६६ ग्रॅम. दोन कप दूध (१३), ६० ग्रॅम तूरडाळीचं घट्ट वरण (१३), तीन ज्वारीच्या भाकऱ्या (१२), ५० ग्रॅम पनीर (९), वाटीभर दही (५) आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे (७) यांत ते अंदाजे भरतं. वरण पातळ पाण्यासारखं असेल तर हिशेब कोसळतो. हे सगळं खरोखर पोटात जात नसेल, तर पावडरला अर्थ आहे. तीही जेवणानंतर किंवा झोपताना. डब्यावरच्या चित्राकडे न बघता मागे एका मात्रेत प्रथिनं किती आणि साखर किती ते वाचा. मूत्रपिंडं बरीच निकामी असतील आणि डायलिसिस सुरू नसेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आपल्याकडे चुरमुऱ्यासारखी वाटली जाते. झुरिकमध्ये आधी पडलेल्या, ७० वर्षांपुढच्या २०० जणांना महिन्याला ६०,००० किंवा २४,००० युनिट देऊन वर्षभर पाहिलं (२०१६). पायांच्या कार्यात मोठ्या मात्रेचा फायदा शून्य, आणि पडणारे जास्त: ६६.९ टक्के विरुद्ध ४७.९. तपासणीत कमतरता निघाली तर ठरावीक आठवडे पुडी घेणं वेगळं. ‘ताकदीसाठी’ वर्षानुवर्षं चालू ठेवणं वेगळं.

रुग्णालयातून घरी येताना

सगळ्यात झपाट्याने घसरण इथे होते. धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. स्पेनच्या पाम्प्लोनात ७५ वर्षांपुढच्या ३७० दाखल रुग्णांपैकी निम्म्यांना पाच ते सात दिवस, रोज दोनदा वीस मिनिटं व्यायाम दिला. सरासरी वय ८७. घरी सोडताना त्यांची एसपीपीबी नेहमीची देखभाल मिळालेल्यांपेक्षा २.२ गुणांनी जास्त निघाली. वर्षभराच्या योगवर्गात जे हाती लागणार नाही ते आठवड्यात. म्हणून फिजिओवर खर्च एकदाच करता येणार असेल, तर तो न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रियेनंतर, डॉक्टरांनी परवानगी दिल्याच्या दिवसापासून करा. सलाइन सुटायची वाट पाहू नका.

कुठलाही पर्याय घ्या, बारा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजा. एका गुणाची वाढ ही ठळक सुधारणा मानतात, अर्ध्या गुणाचीही दखल घेतात. काहीच हललं नसेल तर आधी पायातल्या पट्ट्याचं वजन बघा. तीन महिन्यांपूर्वी होतं तेवढंच असेल, तर फिजिओ बदलण्याची घाई नको.