पेटी की कॅप्सूल? बिटकॉइनचं शोभेचं नाणं घेण्याआधी

बिटकॉइनचं शोभेचं नाणं घ्यायला गेलात की दोन प्रकार समोर येतात. एक, पारदर्शक ॲक्रिलिकच्या गोल कॅप्सूलमध्ये बसवलेलं. दुसरं, मखमली अस्तराच्या पेटीत, प्रमाणपत्रासकट. आतलं नाणं बहुतेक वेळा तेच असतं. किमतीतला फरक वेष्टनाचा असतो, म्हणून निवडही वेष्टनाचीच करायची असते.

मी दोन्ही घेतली आहेत. पेटी घेतली भाच्यासाठी, त्याला ऐरोलीत पहिली नोकरी लागली तेव्हा. कॅप्सूलवालं माझ्या स्वतःसाठी, नेरूळच्या घरी टेबलावर असतं.

घेण्याआधी चार-पाच संध्याकाळी ग्राहकांचे अभिप्राय वाचत बसलो होतो. पेटीबद्दल लोक भरभरून लिहितात: भेट द्यायला छान, दिसायला भारदस्त, फोटोत आहे तशीच आली. तक्रार असलीच तर कोपरा दबल्याची. कॅप्सूलबद्दल मात्र कुरकुर जास्त: ओरखडे आहेत, नाणं आत खुळखुळतं, झाकण उघडता उघडत नाही. त्या वाचनावर मी पेटीच्या बाजूने झुकलो. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. हे सगळे अभिप्राय पार्सल उघडलं त्या दिवशीचे असतात. एक पावसाळा काढल्यावर परत येऊन कुणी लिहीत नाही.

आता पेटीचं सांगतो, कारण माझा निर्णय तिथेच झाला. नौपाड्यात ताईच्या घरी भाच्याने पेटी उघडली. दिसायला खरंच देखणी, सगळे खूश. मग त्याने नाणं उचलायला हात घातला आणि ते निघेना. फोममध्ये नाण्याच्या मापाचा गोल कापलेला, नाणं अगदी काठाशी समतल बसलेलं, आणि बोट घालायला खाचच नाही. त्याने नखाने कड उचकटून पाहिली. शेवटी ताईच्या सासूबाईंनी पेटी तळहातावर उपडी केली, तेव्हा ते सुटलं. मग ते हातोहात फिरलं. मागची बाजू पाहायची तर नाणं बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि बाहेर काढलं की बोटं लागणारच. आरशासारख्या चकचकीत भागावर अंगठ्याचा ठसा उमटला. भाच्याने तो शर्टाच्या टोकाने पुसला, तर त्या जागी केसासारख्या बारीक रेघा आल्या. असल्या नाण्यांवरचा मुलामा नावापुरता असतो, त्याला पुसणं सोसत नाही. अंगठ्याचा ठसा तर राहिलाच, काही आठवड्यांत तो तपकिरी झाला.

पुढे जुलैत कडेवर, नेमकं जिथे फोम टेकतो तिथे, काळपट ठिपके आले. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातले चामडी पट्टेसुद्धा बुरसतात. फोम आणि मखमल ओल धरून ठेवतात, आणि नाणं उघडंच त्यावर टेकलेलं. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं तर टपकन चिकटलं, म्हणजे मुलाम्याखाली लोखंड. खाच असती तर कदाचित ते नख लागलं नसतं, इतके हात लागले नसते. माझ्या एका पेटीवरून सगळ्या पेट्यांना नावं ठेवणं बरोबर नाही, हे मान्य. पण त्यानंतर दुकानांत आणि ओळखीच्यांकडे जितक्या पेट्या उघडून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांना खाच नव्हती.

प्रमाणपत्राबद्दलही थोडं. भाऊजींनी ते वाचलं आणि गंभीर होऊन विचारलं, हे रिटर्नमध्ये दाखवावं लागेल का? बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पण या नाण्यात बिटकॉइन नसतोच, ही नुसती शोभेची वस्तू आहे, आणि प्रमाणपत्राचा कागद हे सांगत नाही. नाण्यात खरोखर बिटकॉइन घातलेला असायचा तो कॅसेशियस नाण्यांत. अमेरिकेतल्या माइक कॅल्डवेल यांनी ती २०११ पासून काढली. खासगी किल्ली, म्हणजे तो बिटकॉइन खर्च करायला लागणारा गुप्त संकेत, होलोग्रामच्या स्टिकरखाली असायची, आणि स्टिकर सोलला की त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटायची, म्हणजे कुणी उघडलंय हे लपवता येत नसे. तिथे वेष्टनाला काम होतं. संग्राहक आजही न सोललेलं नाणंच शोधतात, ते याचसाठी.

आता कॅप्सूल. तिच्या तक्रारी खोट्या नाहीत. माझी पहिली कॅप्सूल नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकून पाठवली होती, वर ओरखडेच ओरखडे. दुसरी दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवली, तिच्यावर पातळ फिल्म चिकटवलेली होती, ती काढली आणि आतून स्वच्छ निघाली. खुळखुळण्याचं कारण मापात आहे. बाजारातल्या पुष्कळ कॅप्सूल अमेरिकन सिल्व्हर ईगल या चांदीच्या नाण्यासाठी केलेल्या असतात. त्या नाण्याचा व्यास ४०.६ मिलिमीटर, आणि ही शोभेची नाणी साधारण ४० ची. अर्धा मिलिमीटर मोकळा राहिला की हलवल्यावर आवाज येणारच. नाण्यांच्या एका दुकानदाराकडून नेमक्या ४० च्या मापाची कॅप्सूल आणली, आवाज थांबला. झाकण घट्ट असतं हेही खरं. पण मला ते बरंच वाटतं, कारण येणारा-जाणारा पटकन उघडायला जात नाही. कॅप्सूलसकट हातात घेतो, उलटून मागचं सर्किटसारखं नक्षीकाम पाहतो, ठेवून देतो. बोटांचे ठसे उमटतात ते ॲक्रिलिकवर, आणि मऊ ओल्या कापडाने निघून जातात. दोन पावसाळे झाले, माझ्या नाण्याची कड अजून पिवळीजर्द आहे.

पेटी असो वा कॅप्सूल, सोबत मऊ, तेलकट वासाची प्लास्टिकची पाकिटं आली तर त्यांत नाणं ठेवू नका. असलं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं; ते मऊ ठेवायला घातलेला पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि धातूवर हिरवट चिकट थर बसतो. जुनी नाणी जमवणाऱ्यांना हे सांगायला नको.

तरी पेटी कुणी घेऊच नये असं मी म्हणणार नाही. निरोप समारंभात सगळ्यांसमोर हातात द्यायचं असेल तर कॅप्सूल फार लहान दिसते, तिथे पेटीचा रुबाब हवा. फक्त मागवण्याआधी विक्रेत्याला आतल्या फोमचा जवळून काढलेला फोटो मागा. बोट जाईल एवढी खाच आहे का, आणि नाणं कॅप्सूलसकट बसवलंय की उघडं, एवढं पाहा. भाच्याला मी ४० ची एक कॅप्सूल नेऊन दिली. नाणं आता तिच्यात असतं, पेटीत तो घड्याळ ठेवतो.